अंगणातली सुरगाठ

गल्लीत त्याला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लागलेली माणसं पुष्कळ असतात, पण हा गडी जेवतानासुद्धा एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून बसायचा. धंदा तंबू ठोकण्याचा. आज प्रदर्शन, उद्या सर्कस, परवा कुणाची तरी सभा. काम संपलं की तंबू उतरवायचा, ट्रकमध्ये टाकायचा, की चालले महाराज पुढच्या गावाला. संसार केला तो बायकोने, याने नुसता पाहुणचार घेतला, असं तिचा भाऊ तोंडावर म्हणायचा. ते खोटंही नव्हतं.

आता बायकोला चार पावलं चाललं की दम लागायचा. डॉक्टरांनी श्वासाचं मशीन दिलं होतं, ते विजेवर चाले. आणि वीज अशी नखरेल की जरा वारा सुटला की गेलीच. तशात ठेकेदाराचा फोन आला. समुद्राकाठी मोठं प्रदर्शन आहे, जुना माणूस हवा, ये. भिंगरी फोनवर नुसतं ‘बघतो’ म्हणाला, पण मन कधीच ट्रकमध्ये चढून बसलं होतं.

बायकोला अशी टाकून जायचं तरी कसं? त्याने तोड काढली. ज्या वाऱ्याने वीज जाते, त्याच वाऱ्यावर बॅटरी भरायची. कुणाकडून तरी जुनी छोटी पवनचक्की आणली, ती उंचावर बसवायला लांब लोखंडी पाइप आणला आणि मेहुण्याला हाक मारली. मेहुणा गवंडी, स्वभावाने थंडगार. त्याने एवढंसं अंगण पाहिलं आणि सांगितलं की हा पाइप पडला तर सरळ ताईच्या खोलीवर पडेल. तेव्हा चारी बाजूंना खोल खड्डे घ्या, सळई वाकवून काँक्रीट भरा, ते सेट होऊ द्या, रोज पाणी मारा, मगच पाइपला आधाराच्या तारा ताणा. किती दिवस लागतील, असं भिंगरीने विचारलं. काँक्रीट आपल्या मर्जीने सेट होतं भाऊजी, तुमच्या नाही, असं उत्तर मिळालं.

पण धीर धरील तो भिंगरी कसला? मेहुण्याची पाठ वळली तशी याने तंबूच्या लोखंडी मेखा घणाने ठोकल्या, पाइप उभा केला आणि तारांची खालची टोकं जाड दोरांनी मेखांना बांधली. चक्की फिरली, बॅटरी भरली, मशीन चाललं. बायको म्हणाली, बरं झालं. याला मात्र चैन पडेना. वाऱ्याची झुळूक आली की उठायचा, दोर दाबून बघायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. अर्धी भरलेली पिशवी कोपऱ्यात पडली होती, तिच्याकडे बघायचा, मग पाइपकडे. मेखा तर जागच्या हलल्या नव्हत्या. मग खुपतंय काय, ते त्याचं त्यालाच कळेना.

दुपारी वाऱ्याला जोर आला. बायको अंगणात टॉवेल वाळत घालायला आली. दोराचं मोकळं टोक फडफडत टॉवेलवर आपटत होतं, म्हणून तिने ते धरून बाजूला ओढलं. गाठ सर्रकन सुटली.

आता हे जरा समजून घ्या. तंबूवाला शेवटची गाठ कधी निरगाठ मारत नाही. सुरगाठ मारतो, म्हणजे वादळात एक हिसका दिला की कापड खाली बसतं आणि आतली माणसं वाचतात. जन्मभर हीच गाठ मारणारे हात ते, त्यांनी डोक्याला न विचारता इथेही तीच मारली. कापड खाली बसतं, बाबांनो. लोखंड पडतं.

पाइप खोलीकडे कलला. भिंगरीने झेप घालून दोर पकडला, मेखेला दोन वेढे दिले आणि पाय रोवून मागे रेलला. वेढे सरकत होते. हात सोडला की संपलं, आणि हात न सोडता गाठ मारता येत नव्हती.

“टोक घे,” तो बायकोला म्हणाला. “निरगाठ मार. एकीवर एक मार.”

ती गुडघ्यांवर बसली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, तरी तिने एक गाठ मारली, दुसरी मारली, आणि मग तिथेच मातीत बसून राहिली. भिंगरीने तिला उचलून आत नेलं, मशीन लावलं. शेजाऱ्यांनी मेहुण्याला बोलावलं. वारा पडल्यावर दोघांनी आधी चक्कीची पाती बांधली, मग पाइप हळूहळू आडवा केला.

दुसऱ्या दिवशी खड्डे खणले, सळया बसल्या, काँक्रीट पडलं. बायको दाराशी खुर्ची टाकून बघत होती.

“मला वाटलं, घरची गाठ आहे, निरगाठच असेल,” ती म्हणाली. थांबून तिने श्वास घेतला. “अहो, लोक बायकोला वाऱ्यावर सोडून जातात. तुम्ही तर त्यासाठी चक्कीसुद्धा बसवलीत.”

मेहुणा खाली मान घालून थापी फिरवत राहिला. तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला, ट्रक निघतोय म्हणून. येत नाही, बायकोच्या मशीनसाठी चक्की बसवतोय, असं भिंगरीने सांगितलं. ठेकेदार चिडला. मशीन आहे, चक्की आहे, मग तुझं तिथे काम काय, असं त्याने विचारलं.

भिंगरीने बायकोकडे पाहिलं.

“तिच्याजवळ बसायचं काम आहे,” तो म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधीच त्याला रडू फुटलं.