कर्नाळ्याचा चढ आणि पुढची सीट

दिवेआगरला जायचं ठरवलं मी, आणि आईंना न्यायचं हेही मीच. आई म्हणजे माझ्या सासूबाई. बाबा गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या त्या एकदाच, वणीला. तेव्हाही चढावर आमच्या डिझेल गाडीने मान टाकली होती. आत्याबाई हसत बोलून गेल्या, "वहिनीला बसवलंत ना, मग काय होणार!" त्यांच्यासाठी गंमत, आईंच्या मनात मात्र 'आपण अपशकुनी' हे रुतून बसलं. मला अजून राग येतो.

नोव्हेंबरातला शनिवार. डोंबिवलीहून पहाटे निघालो आणि पनवेलला मिसळ खाल्ली (झणझणीत, पाव गरम, जरूर थांबा). पळस्प्यापुढे रस्ता रुंद करायची खोदाखोद चालू आहे, त्यामुळे हाडं खिळखिळी होतात, वेळ हाताशी ठेवा. शिरढोण मागे टाकून कर्नाळ्याचा चढ लागला आणि गाडीचा जीवच गेला. माझ्या नवऱ्याने, अजितने, पाय दाबला तरी ती बैलगाडीसारखी.

मागून आई हळूच म्हणाल्या, "मला एसटीत बसवून दे रे. तुम्ही दोघं जा."

बंद करून सुरू केल्यावर गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. आम्ही पनवेलला मागे फिरलो. बाजाराजवळच्या गॅरेजात ओवे गावचा मेकॅनिक नरेश भेटला. त्याने पाइप चाचपले, कुठे हवा गळते का पाहिलं, दाब दाखवणारं यंत्र जोडलं आणि अजितला घेऊन चढावर जाऊन आला. गाडी सुसाट!

"बघितलंस?" आई मला म्हणाल्या. "मी नव्हते, तर धावली."



नरेश डोकं खाजवत म्हणाला, "रिकाम्या गाडीत नाय कळणार. भार पायजे. आजी, चला बसा."

"मी नाही बसणार बाबा!" आईंनी पदर घट्ट धरला.

समोर करंजा बंदराच्या तीन मासेवाल्या विक्री आटपून टेम्पोची वाट बघत होत्या. त्यातली एक ओरडली, "आमी हाय ना! टोपल्या पन टाक आत!" आणि खरंच तिघी ओल्या टोपल्यांसकट मागच्या सीटवर चढल्या. अजितचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. नवी सीट कव्हरं होती हो!

मी आणि आई बाकावर चहा घेत बसलो. त्यांनी कप तोंडाला लावलाच नाही.

बऱ्याच वेळाने गाडी आली, रांगत रांगत. खिडकीतून तिघींचा गलका: "मेली! चढावर मेली गाडी!" इतक्या आनंदाने गाडी बिघडल्याची बातमी मी कधी ऐकली नव्हती.

"मुद्दाम बंद करून परत चालू केली नाय," नरेश उतरत म्हणाला, "नायतर चोर सुटला असता."

मग त्याने समजावलं: टर्बो इंजिनात हवा कोंबतो. दाब वाढला की जादा हवेला वाट मोकळी करणारी एक झडप असते. तिची दांडी गंजून अडकली होती. रिकाम्या गाडीला तेवढा दाब लागतच नाही. भरलेली गाडी चढाला लागली की दाब वाढत जातो आणि गाडीतला कॉम्प्युटर घाबरून ताकद कापतो.

आईंनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे मी नसतानाही?"

"आजी, तुमचा काय संबंध नाय!"

त्या डोळे पुसत हसल्या आणि थंड झालेला चहा एका दमात प्यायल्या.

कळंबोलीहून नवा भाग येऊन बसेपर्यंत दुपार टळली. या वेळी मी मागे आईंशेजारी बसले; कर्नाळ्याच्या चढावर त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. माथा आला, गाडी धावतच होती, तेव्हा कुठे त्यांनी ते सोडलं.

दिवेआगरला सुरूच्या बनामागे घरगुती खोली मिळाली, मोदकांची ऑर्डर मात्र आदल्या दिवशी द्या. आई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, बाबांची आठवण काढून रडल्या आणि मग दोन मोदक जास्त खाल्ले.

घरी येऊन आठवडा झाला. सीट कव्हरला मासळीचा वास आहे अजून, अजित कुरकुरतो. मला आवडतो तो वास.

काल आत्याबाईंचा फोन आला, गाडी धड गेली ना म्हणून.

"गेली की वन्सं," आई म्हणाल्या. "आणि येताना मी पुढे बसले होते."