गरम झाकणावरची कुत्री

बोईसरला आमच्या खोलीसमोर कारखान्याची मागची भिंत आहे. भिंतीखालून पाणी बाहेर येतं आणि गल्लीतल्या सिमेंटच्या झाकणाखालून पुढे नाल्याला जातं. पाणी गरम असतं. थंडीत सकाळी झाकणाच्या भोकांतून वाफ निघते आणि शेजारचे लोक ब्रश तोंडात धरून तिथे हात शेकतात. या पाण्यावर मी आमच्या संघटनेची तीन पत्रकं लिहिली. विहिरी आल्या, खाडी आली, दांडी गावच्या कोळ्यांच्या जाळ्यांना येणारा वास आला. हात शेकणारे लोक मात्र कुठल्याच पत्रकात आले नाहीत. ते मुद्द्याला सोयीचे नव्हते.

एक तांबडी कुत्री रोज त्या झाकणावर झोपायची. डिसेंबरात तिच्या पोटाचे केस गेले, मग कातडी लाल झाली, मग चिघळली. पालघरहून जनावरांचे डॉक्टर आमच्या भागात येतात, त्यांना दाखवली. त्यांनी मलम दिलं आणि म्हणाले, "मलम लावा. पण ओल आणि उष्णता दोन्ही चालू राहिली तर जखम भरणार नाही. हिला तिथून उठवा, नाहीतर ही जायची."

उठवा म्हणे! थंडीत जी एकच गरम जागा आहे तिथून कुणाला कसं उठवायचं?

माझा खोलीमित्र बुलढाण्याचा. त्याच कारखान्यात पॅकिंगला. झाकणाला तो 'कंपनीचा गिझर' म्हणायचा. मी कुत्रीला घर बांधतोय म्हटल्यावर तो म्हणाला, "त्यात काय एवढं, झाकणावरच ठेव ना भाऊ. बांधकाम तुझं, गॅस कंपनीचा."

"त्या घाणेरड्या पाण्यावर? कधीच नाही," मी म्हणालो. सभेत बोलतो तसं म्हणालो असणार, कारण तो हसला.

बाजारात दांडीची एक मावशी मासे विकते. तिच्याकडे मी मोठा थर्माकोलचा डबा मागितला.

"कुत्रीला बर्फात घालतोस काय रे?"

"नाही मावशी, ऊब राहते यात."

"आमी यात पापलेट ठेवतो. गारच ऱ्हातं ते."

डबा स्वतः गार करत नाही आणि गरमही करत नाही, आत असेल ते तसंच धरून ठेवतो, हे मी तिला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंग ऊब कुत्रीनंच आणायची? म्हणजे घर तुजं न सरपण तिचं."

डबा मात्र दिला.

कुत्री थर्माकोल कुरतडेल म्हणून तो प्लायवूडच्या खोक्यात बसवला. पुढे तिच्यापुरतंच भोक पाडलं. चादर भिजली की भिजलेलीच राहते, म्हणून चिंचणीकडून भाताचा पेंढा आणून आत भरला. ओल चढू नये म्हणून खाली विटा आणि वर मोर्चाचा जुना फ्लेक्स, आमच्या मागण्यांसकट. हे सगळं झाकणापासून लांब, आमच्या भिंतीच्या कडेला. तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला. चांगलं काम झालं होतं, आजही म्हणेन.

पहिल्या दिवशी आत मांजर शिरलं. माशांचा वास गेला नव्हता.

"घर कुत्रीचं आणि वास्तुशांत मांजरीची," खोलीमित्र म्हणाला.

कुत्रीला उचलून आत ठेवलं की ती मागल्या पायांनी पेंढा उडवत बाहेर यायची आणि सरळ झाकणावर. झाकणावर काटेरी फांद्या टाकल्या, तर कडेच्या चिखलात झोपली. ते त्याहून वाईट. फांद्या काढल्या. मलम लावत राहिलो. हाताला वास यायचा, त्याचंही पुढे काही वाटेनासं झालं.

मग एका दुपारी खोलीमित्र शिफ्ट अर्धी टाकून घरी आला. गेटवर नोटीस लागली होती. पुढची सूचना मिळेपर्यंत काम बंद.

"जिंकलं तुझं पत्रक," तो म्हणाला.

"आमच्यामुळे नाही रे. माल उठत नाही म्हणतात."

"म्हणजे तेही तुला जमलं नाही."

मला राग यायला हवा होता. त्याच्यावर, नाहीतर कंपनीवर. आला नाही. मी चहा ठेवला.

दुसऱ्या सकाळी झाकण गार होतं. कुत्री तरी तिथेच, शेपटी नाकावर घेऊन कुडकुडत. खोलीमित्राला आता दिवसभर काम नव्हतं. तो खोक्याशेजारी बसायचा, चपातीचे तुकडे आधी बाहेर टाकायचा, मग दारात, मग आत. तिच्याशी त्याच्या गावच्या बोलीत बोलायचा. असे चार-पाच दिवस गेले. एका संध्याकाळी मी परतलो तेव्हा भोकातून तिचं तोंड दिसत होतं. खोलीमित्र भिंतीला टेकून फोनवर घरी सांगत होता, "हो आई, चालू होईल, होईलच."

जखमा सुकायला लागल्या. कातडीवर बारीक, पांढुरकी लव आली. रोज सकाळी आम्ही दोघंही दार उघडून आधी झाकणाकडे बघायचो. त्याला वाफ हवी होती. मला नको होती.

वाफ आली. त्याने अंघोळही केली नाही, जेवणाचा डबा घेऊन कामावर पळालाच. कुत्री बाहेर आली, आळोखेपिळोखे दिले, झाकण हुंगलं आणि त्यावर पोट टेकवून पसरली. मी बघत उभा राहिलो.

मग मी तिला हाकललं, खोका ओढत नेला आणि विटांसकट त्या झाकणावर बसवला. भोकांवर वीट येऊ दिली नाही, वाफ बाजूने निघून जाईल एवढी फट ठेवली. खाली थर्माकोल असल्याने ती ऊब आत पोचत नसणार. पण झाकण झाकलं गेलं होतं आणि खोका आता तिचा होता. तिने एक चक्कर मारली, कडेच्या चिखलाकडे पाहिलं आणि आत गेली. पेंढा आवरल्याचा आवाज आला.

संध्याकाळी खोलीमित्र आला. अंगावर धूळ, चेहरा खूश. झाकणावरचा खोका बघून थांबला. खोक्यावर आमच्या मागण्या, खाली त्याची कंपनी.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता तुझंही घर कंपनीवर चालतं."

मी वाकून आत हात घातला. तिचं पोट कोरडं होतं.