मुलाखतीचे बूट

कपबशीताईंच्या घरात त्या दिवशी सकाळपासून कपाटाचं दार मिटलं नव्हतं. दुपारी एका मोठ्या दुकानात विक्रेतीच्या जागेसाठी त्यांची मुलाखत होती, आणि त्यांनी काय घालून जावं यावर घरातल्या प्रत्येकाचं मत होतं. ताई सोडून. ताई पलंगाच्या कडेला बसून टाच चोळत होत्या.

कपबशीताई हे नाव जुन्या दुकानानं दिलेलं. काचसामानाच्या त्या दुकानात त्या ऐन तरुणपणी शिरल्या आणि दुकान विकलं जाईपर्यंत उभ्याच होत्या. मालक तसा भला माणूस, अडीअडचणीला लवकर घरी सोडणारा. पण दुकानात स्टूल ठेवू द्यायचा नाही. "बसलेल्या माणसाकडून कुणी काही विकत घेत नाही," असं त्याचं ठाम मत. स्वतः गल्ल्यामागच्या खुर्चीत दिवसभर बसायचा, पण तो विकत नव्हता, फक्त पैसे घेत होता. त्यामुळे त्याचा सिद्धांत शाबूत राहायचा. एवढ्या वर्षांत ताईंच्या हातून फुटलं काय, तर एक किटली आणि स्वतःच्या दोन्ही टाचा.

"निळा ड्रेस घाल," यजमान म्हणाले. "निळ्यात तू शांत दिसतेस."

"अहो, शांत दिसायला मी काय वाचनालयात चाललेय?"

"बाबा, तुम्ही यात पडू नका," लेक म्हणाली. "आई, पांढरा शर्ट, काळी पँट. इस्त्री करून ठेवलीय."

आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "कानात लहानसंच काहीतरी घाल गं! मोठं घातलंस तर वाटेल, हिला नोकरीची गरजच नाही."

"आणि काहीच नाही घातलं तर?"

"तर वाटेल, फारच आहे."

गरज होतीच. यजमान एका इमारतीत लिफ्ट चालवायचे आणि लोक आता बटणं स्वतःच दाबायला लागले होते. ती नोकरी किती दिवसांची, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच ते सकाळपासून जरा जास्तच बोलत होते.

"पण पायात काय घालू?" ताईंनी विचारलं.

"पायाकडे कोण बघतंय?" यजमान म्हणाले.

ताई थकल्यासारखं हसल्या. त्यांचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या पायांकडे बघण्यात गेला होता. गिऱ्हाईक दारात आलं की चेहरा नंतर, आधी चपला, ही धंद्यातली पहिली शिकवण. टाच झिजलेली पण पॉलिश ताजं असेल, तर तो माणूस घेणार. फक्त त्याला घाई करायची नाही. लखलखीत बूट आला, की सगळा माल खाली काढायचा आणि शेवटी आपणच परत वर ठेवायचा. तेव्हा मुलाखत घेणारा माणूस पायांकडे बघणार नाही, असं होणंच शक्य नव्हतं. याआधी एका ठिकाणी 'कळवतो' म्हणाले होते, ते ताईंशी नव्हे, त्यांच्या सँडलशी बोलून.

ते सँडल डॉक्टरांनी सुचवलेले. तपकिरी, रुंद, पावासारखे फुगलेले. धंद्यातल्या माणसाला ते बघूनच कळावं, की या बाईच्या टाचा कामातून गेल्यात. दुसरा पर्याय म्हणजे लेकीचे काळे बंद बूट. ते दिसायला झकास, पण अर्ध्या नंबरनं लहान. ताईंनी बूट चढवले आणि सँडल कागदात गुंडाळून पिशवीत टाकले.

मुलाखत बरी झाली. दुकानाचा मॅनेजर वयानं लेकीपेक्षा थोडाच मोठा, पण बोलायला नम्र. अनुभव विचारला, मान डोलावली, आणि मग त्याची नजर हळूच खाली गेली. बूट बघून तो समाधान पावला.

"छान. आता संध्याकाळपर्यंत जरा काम करून दाखवा, ताई. आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

ताईंनी बुटांकडे बघितलं. हे बूट त्यांनी खुर्चीतल्या मुलाखतीपुरते घातले होते.

त्यांना टॉवेलांच्या विभागात उभं केलं. थोडा वेळ बरा गेला. मग करंगळी बोलायला लागली, मग टाच, मग सगळेच एकदम. एका म्हाताऱ्या बाईंनी अगदी खालच्या फळीवरचा टॉवेल मागितला. ताई गुडघ्यावर बसल्या आणि बसल्या त्या बसल्याच. इतका मऊ माल आजूबाजूला, इथंच आडवं व्हावं, असं मनात येऊन गेलं.

"अगं, ऊठ की," म्हातारी म्हणाली.

"उठते हो. कुठला रंग हवा, ते ठरवा तोवर."

म्हातारीला टॉवेल देऊन ताई लंगडत मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या, न विचारता खुर्चीवर बसल्या आणि त्याच्यादेखत बूट काढून सँडल घालू लागल्या.

"हे काय, ताई?"

"मुलाखतीचे बूट झाले, साहेब. हे कामाचे."

"टाचा दुखतात तुमच्या?"

"दुखतात. खोटं कशाला सांगू? यांत संध्याकाळपर्यंत उभी राहीन, उद्याही येईन. त्यांत राहिले, तर उद्या मला आणायला माणूस पाठवावा लागेल."

मॅनेजरनं सँडलकडे बराच वेळ बघितलं. "पण आमच्याकडे काळेच लागतात. नियम आहे."

"काळे करते."

"म्हणजे?"

"पॉलिश मिळतं की."

त्याला हसू आलं, ते त्यानं आवरलं. "मला वर विचारावं लागेल."

"विचारा. मी टॉवेलांपाशी आहे."

दुकान बंद व्हायच्या सुमाराला तो आला. ताई उभ्याच होत्या. "सोमवारपासून या," तो म्हणाला. "काळे करून."

ताईंना आनंद व्हायला हवा होता. तो कदाचित सोमवारपर्यंत पोचेल, असं त्यांना वाटलं. घरी आल्यावर त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या, एवढंच म्हणाल्या, "लागली. सोमवारपर्यंत हे सँडल काळे करायचेत," आणि डोळे मिटले. लेकीनं टाळ्या पिटल्या. यजमानांनी खाली बसून त्यांच्या पायांतले सँडल सोडवले, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि काळ्या पॉलिशची डबी उघडली.

"अहो, पट्ट्यांना आतून लावू नका. पायाला लागेल."

"कळतं गं मला."

त्यांनी पहिला सँडल संपवून दाखवायला वर धरला. ताई झोपल्या होत्या. यजमानांनी तो हळूच खाली ठेवला आणि दुसरा हातात घेतला.