मालेगाव रस्त्यावरचं स्वस्त तेल

मालेगावच्या बाजारात टोमॅटो उतरवून आम्ही माघारी निघालो होतो. चांदवड यायच्या आधी एक पंप लागतो, तिथं नेहमीसारखं तळणाच्या वापरलेल्या तेलापासून केलेलं स्वस्त बायोडिझेल भरलं. हौसानं, माझ्या बायकोनं, फडकं सोडलं आणि गाडीच्या सावलीत बसून दोघांनी भाकरी खाल्ली. गाडी चालू केली तशी ती म्हणाली, "अवो, धुराला भज्यांचा वास येतोय. परत भूक लागली मला." आत्ताच तर जेवली होती. हसलो दोघं.

दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. सिन्नरहून नाशिकला दवाखान्यात नेताना मोहदरीच्या घाटात गाडी बंद पडली. बॉनेट उघडलं तर तेलाचा पाईप फुगून फाटलेला, तेल रस्त्यावर. शेवटी एका दूधवाल्यानं टेम्पोत घेतलं. हौसा वाटेतच गेली.

मिस्त्रीनं मग पाईप आणि इंजिनाच्या तेलपंपाचे सील काढून दाखवले. जुन्या गाडीचं रबर हे तेल पितं, फुगतं, मऊ पडतं. आम्ही पावसाळ्यापासून तेच भरत होतो. दहाव्याला आलेले लोक सांगत होते, तिची वेळ भरली होती. कसली वेळ? पाईप फाटला!

तो पाईप पिशवीत घालून मी एसटीनं निघालो. पंपवाल्याच्या तोंडासमोर धरायचा आणि त्याच्याकडून पाटी लावून घ्यायची, की जुन्या गाडीत हे तेल भरू नका. बास, एवढंच काम.

नाशिकला गाडी बदलली. पिंपळगावला द्राक्षबागा लागल्या. वेलींखाली बाया काम करता करता हसत होत्या. हसणाऱ्या माणसांचा मला आजकाल राग येतो.

कंडक्टर येऊन उभा राहिला. "बाबा, पिशवीत काय हाय? सगळ्या गाडीत वास सुटलाय."

"माझ्या गाडीचं आतडं."

"मग मांडीवर घ्या. सीटला डाग पडंल."

चांदवडला चहा घेतला. शेजारच्या कढईतल्या भज्यांचा वास आला आणि कप तसाच ठेवून उठलो. पुढं कंडक्टरनं पंपाच्या बरंच पुढं उतरवलं. अंगावर येणाऱ्या ट्रकांना शिव्या देत मागं चालत आलो.

पंप म्हणजे पत्र्याची शेड आणि एक टाकी. मालकानं पाईप बोटानं दाबून बघितला. "बाबा, हे जुनं रबर हाय. नव्या गाड्यांना वेगळं रबर येतं, त्याला काय होत नाय."

"म्हणजे तुला ठाव होतं?"

"सगळ्यांनाच ठाव असतं."

"मला नव्हतं! सांगायला तोंड नव्हतं का?"

"तुम्ही कुठं विचारलं? आणि पाटी लावली तर गिऱ्हाईक पुढच्या पंपावर जाईल. बसा, पाणी प्या."

त्यानं दिलेलं पाणी मी त्याच्याच पायाशी ओतलं.

तेवढ्यात सटाण्याकडची एक जुनी जीप आली. मागं एक म्हातारी आडवी झोपलेली. मी आडवा उभा राहिलो.

"काय शे बाबा?" (काय आहे बाबा?) ड्रायव्हर ओरडला.

मी पाईप त्याच्या हातात दिला. त्यानं दाबला तर बोटं काळी झाली. "मनी गाडी बी जुनीच शे," (माझी गाडीपण जुनीच आहे) असं पुटपुटत त्यानं मागं म्हातारीकडं बघितलं आणि न भरताच निघाला.

मालक धावत आला. "ओ बाबा, धंद्याच्या टायमाला तमाशा नको! रोज येऊन उभे राहणार का इथं?"

संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. हौसाला दुखणं आलं, त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. पण तिला घाटात अडकवलं ते माणसानं, आणि तो माणूस खुर्चीत बसून मला पाणी देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल रंगाचा डबा उघडला. गाडीत नवा, वेगळ्या रबराचा पाईप मिस्त्रीनं तोवर घातला होता. फाळक्यावर (गाडीच्या मागच्या फळीवर) मोठ्या अक्षरांत लिहिलं: "बायोडिझेलनं जुन्या गाडीचा पाईप फाटतो. माझी बायको वाटेत गेली." शाळा चौथीपर्यंत, अक्षरं वाकडी आली. टोमॅटो न भरता गाडी काढली, त्या पंपासमोर रस्त्यापलीकडं नेली, फाळका दिसेल अशी उभी केली आणि हँडब्रेक ओढला.