उपरण्याखालचा भाव

"भाव तोंडानं सांगू न्हाई, साहेब. नजर लागते." असं म्हणून ते समोरच्याचा हात आपल्या उपरण्याखाली ओढायचे आणि बोटं दाबायचे. चहा केवढ्याला घेतला असं विचारलं तरी हेच!

ते बैलांचे दलाल. घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभे राहणारे असे लोक तुम्हीही बाजारात पाहिले असतील. एक बोट धरलं की एक हजार, दोन धरली की दोन. चारचौघांत सौदा होतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी सेनगावात बँकेच्या कर्जाच्या टेबलावर होतो, नवाच बदलून आलेला. बैलाचं शेपूट कुठल्या बाजूला असतं एवढंच मला ठाऊक.

एकदा ते आपल्या मुलीला घेऊन आले. तांड्यावरची, बारावी झालेली पोर. नर्सिंगच्या डिग्रीला नंबर लागला होता. फी, वसतिगृह, खानावळ, सगळ्यासाठी कर्ज काढावं लागणार होतं. नाही काढलं, तर पाहुणे बघून गेलेच होते. दिवाळीनंतर लग्न.

"चार वर्सं बसून खाऊ घालायचं," ते म्हणाले, "मंग जुंपल्यावर चाऱ्याचा तरी खर्च निघन का?"

"बा, मी काय बैल हाय व्हय?" पोरगी फणकारली.

"बैल असतीस तर साहेबाला काहून इचारलं असतं? बैलाचं मला कळते."

मी सरळ सांगितलं, सरकारी नोकरी लागली तर बरं. खासगी दवाखाने सुरुवातीला फार देत नाहीत आणि हप्ता कुणासाठी थांबत नाही.

"फार न्हाई म्हंजे किती?" त्यांनी माझा हात ओढलाच. उपरण्याखाली त्यांनी तो घट्ट धरून ठेवला, सोडेचनात. भल्याभल्यांना घासाघिशीत गार करणारा हा माणूस घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला. मी त्यांचा अख्खा पंजा धरून दाबला.

त्यांचा चेहरा उजळला. "बस्स! ठरलं. आणा कागद."

मुलगी शिकली, नांदेडला एका खासगी दवाखान्यात लागली. पहिला पगार झाल्यावर ते आले, माझा हात उपरण्याखाली घेतला आणि दोनच बोटं धरली.

"तुमी तं पंजा दिला व्हता."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो, मी तुम्हाला धीर देत होतो!"

त्यांनी माझा हात सोडला. मग असे हसले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "धीर तोंडानं द्यावा, साहेब. हातानं भाव देतेत."

"मग आता?"

"आता काय? उपरण्याखालचा शब्द मोडत न्हाईत."

दोन हजारांत पोरीची खोली आणि खाणंच कसंबसं भागे. हप्ता तेच दलालीतून भरत. त्यांच्या नोटांना गोठ्याचा वास यायचा आणि कॅशियर नाक मुरडायचा. तांड्यावर कुणी "येवढं शिकवून काय भेटलं?" असं टोकलं की म्हणत, "भाव अजून खुलला न्हाई." मी हिशेबाचा माणूस. हा सौदा बुडाला असंच माझं मत होतं.

मग एका बाजाराला ते दिसले नाहीत. पुढच्यालाही नाहीत. तापाचं निमित्त झालं आणि गेले, असं कळलं. मला फार वाईट वाटलं.

काही महिन्यांनी पोरगी आली. सरकारी दवाखान्यात लागली होती. आता हप्ता माझ्या पगारातून घ्या, म्हणाली. मी पगार विचारला, तर तिनं ओढणी पुढे ओढली.

"हात द्या, साहेब."

ओढणीखाली तिनं माझी पाचही बोटं धरली.

"बा सांगून गेले, साहेबाचा भाव खरा निघाला की कळवजो."

 दुसराही हात तिच्या हातावर ठेवायला गेलो आणि आवरला. पोरगी दहा समजली असती.

"शाब्बास, बाई," मी तोंडानंच म्हणालो.