उजवीकडून लिहिलेल्या पाट्या

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर धाराशिवातल्या दुकानांवरच्या उर्दू पाट्या एकेक करून मराठी होत गेल्या. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. रंग उडण्याआधी या जुन्या-नव्या पाट्यांची अक्षरं कागदावर उतरवून घ्यावीत आणि त्यांचं एक लहानसं सचित्र पुस्तक आपणच छापावं, असं मनात आलं. सुट्टीच्या दिवशी मी शिडी आणि ट्रेसिंग पेपर घेऊन बाजारात हिंडू लागलो.

एक गोष्ट मला काही सुचू देईना. नव्या पाट्यांत पहिलं अक्षर चौकटीला चेंगरलेलं असे आणि शेवटचं ऐसपैस. जागा संपते ती शेवटी. इथं ती सुरुवातीलाच कशी संपली?

या पाट्या एक चाचा रंगवत. पूर्वी ते छापखान्यात छपाईसाठी उर्दू मजकूर हातानं लिहीत. एकदा मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. त्यांनी दोरीनं शिरोरेघ आखली आणि ‘कापड दुकान’मधला ‘न’ आधी काढला. मग ‘का’. मग ‘दु’. जन्मभर उजवीकडून चाललेला हात तसाच चालला होता.

मला इतका आनंद झाला की तो पोटात राहिना. कापडवाल्याला मी लगेच सांगून टाकलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी शेजारची पाटी रंगवणाऱ्या चाचांना तो चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “काय चाचा, आज तोंडाकडून का शेपटीकडून?”

चाचा हसले नाहीत. ब्रश पुसून शिडीवरून उतरले. पुढच्या बाजारी भूमच्या एका दुकानदारानं सांगून ठेवलेलं काम मोडलं. उलट्या हाताचा पेंटर नको म्हणाला. हे माझ्या तोंडामुळं झालं होतं.

मी त्यांच्या घरी गेलो. पुस्तकाचं पान सोबत होतं. वर मोठ्या झोकात लिहिलं होतं, ‘एका चुकीचा शोध’. हे पान मला पुस्तकाचा जीव वाटत होतं.

“चाचा, मी चुकलो. तुम्ही म्हणाल तर हे पान काढून टाकतो.”

त्यांनी सावकाश वाचलं. ‘चुकीचा’वर बोट ठेवलं.

“मास्तर, दुकान कशाचं हाय ते लोकास्नी कळतं का न्हाय?”

“कळतं.”

“मग चूक कुणाची?”

त्यांच्या बायकोनं आतून विचारलं, “मास्तरांना चहा पाजायचा का न्हाय?”

“पाज. साखर कमी घाल,” चाचा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “पान काढू नका. नाव बदला. अन् ते मी लिहिणार, माझ्या हातानं. लपवून काय व्हतंय आता? समद्या बाजाराला ठावं झालंय.”

पुस्तक दगडी छपाईवरच छापायचं होतं. पिवळ्या कागदावर चिकट शाईनं लिहायचं आणि ते दगडावर उतरवायचं. चाचांना हे काम जुनंच. त्यांनी बोरू कापला आणि कागदाच्या उजव्या कडेला टेकवून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

‘उजवीकडून लिहिलेल्या पाट्या’ हे पानाचं नवं नाव लिहून झालं तेव्हा ‘उ’ला जागा उरली नव्हती. तो डाव्या कडेला कसाबसा टेकला होता.

छापखान्यातला माणूस म्हणाला, “पहिलं अक्षर दबलंय. परत लिहून घ्यायचं का?”

चाचा बोरू हातात धरून माझ्याकडं बघत राहिले.

“असंच छापा,” मी म्हणालो.