गुरुवारचं कॅसरोल

सासूबाई गेल्यावर बाबा जेवेनासे झाले. एकदम नाही. आधी पोळी अर्धी झाली, मग भाताचे दोन घास, मग नुसतं ताक. माझे सासरे उंच, हाडापेराने मोठे. सात महिन्यांत त्यांच्या पट्ट्याला माझ्या नवऱ्याने दोनदा नवीन भोक पाडून दिलं. जीपीकडची, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडची, नर्स दर पंधरा दिवसांनी वजन करायची. वजन घसरतच होतं. शेवटी ती म्हणाली, पुढच्या खेपेला, मंगळवारी, अजून कमी दिसलं तर हॉस्पिटलमध्ये पाठवावं लागेल. हे ती मला म्हणाली. बाबा शेजारीच बसले होते, कोटाची बटणं लावत. घरी आल्यावर जिन्याचा कठडा धरून एवढंच म्हणाले, "हॉस्पिटल नको. ती तिथेच गेली."

मी घरून काम करते, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच. मी मुळात कमी बोलणारी. शाळा इंग्रजी, घर पुण्यातलं, पण तिथेही माझा आवाज कुणी फारसा ऐकला नाही. कॉव्हेंट्रीच्या या घरात सासूबाई बोलायच्या आणि आम्ही सगळे ऐकायचो. त्या गेल्या आणि जेवणाच्या टेबलावर चमच्यांचे आवाज ऐकू यायला लागले.

त्यांच्या पद्धतीचं सगळं मी करून पाहिलं. वरण-भात, मेथी, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी. स्वयंपाक झाला की आधी छोट्या वाटीत थोडं थोडं काढून ती वाटी हॉलमधल्या सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवायची, मग आम्ही बसायचं. वर्षभर तसं करायचं असं बाबांनी ठरवलं होतं. जेवणं झाली की वाटीतलं बागेच्या भिंतीवर, पक्ष्यांसाठी. बाबा दोन घास घ्यायचे, "छान झालंय" म्हणायचे आणि चमचा खाली ठेवायचे. मला त्या "छान"ची भीती वाटायला लागली होती.

एका बुधवारी मी भांडी पुसत असताना ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये गुरुवारी एक कॅसरोल मिळायचं," ते म्हणाले. "खिम्याचं. वर बटाट्याच्या चकत्या. तेवढं खावंसं वाटतंय."

"करते की, बाबा. मटणाचा खिमा आणू?"

ते खिडकीकडे बघत राहिले. "मटणाचा नसायचा तो."

मला कळायला थोडा वेळ लागला. या घरात अंडीसुद्धा गॅरेजमधल्या वेगळ्या पातेल्यात उकडायची.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो आधी थिजला आणि मग हसायलाच लागला. कित्येक महिन्यांनी हसला. "बाबा? बीफ? अगं, मी शाळेत बर्गर खाल्ला होता तर या माणसाने दोन दिवस माझं तोंड पाहिलं नव्हतं!"

"मग करू का नको?"

"कर. दगड मागितले तर दगडसुद्धा शिजव."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी सुपरमार्केटमध्ये गेले. खिम्याचा तो लाल, चौकोनी डबा उचलताना उगीच मागे वळून पाहिलं. बास्केटमध्ये तो तळाशी ठेवला आणि वर पालक. एक स्वस्तातली कढई आणि एक काचेचं ओव्हनचं भांडंही घेतलं. सासूबाईंच्या भांड्यांत हे करायला हात धजावला नसता. मी चिकन खाते, पण हे कधी खाल्लेलं नाही, शिजवलेलंही नाही.

चार वाजता मी कामातून उठले. बाबा खुर्ची ओढून स्वयंपाकघरातच बसले. हे नवीन होतं.

"कांदा जाड चिर. ते लोक बारीक चिरत बसत नाहीत."

"बरं."

"गाजर घाल. हळद नको. आलं-लसूण घातलंस तर मी उठून जाईन."

"मिरची, बाबा? एखादी?"

"अगं, आजारी माणसाचं जेवण असतं तसं लागायचं ते. त्यातच गंमत."

खिमा कढईत पडला तसा एक जड, ओलसर वास सगळीकडे पसरला. मी मागचं दार उघडलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता, थंडी आत आली, पण बाबांनी दार लाव म्हटलं नाही. ते बोलत होते. कँटीनमध्ये वाढणारी एक बाई होती म्हणे, त्यांच्या दुप्पट वयाची. बाबा तेव्हा नवे, बारीक, कोपऱ्यातल्या टेबलावर एकटे बसून उकडलेला बटाटा खाणारे. एक दिवस तिने न विचारताच ताटलीत हे घातलं आणि म्हणाली, खा राजा, हाडं दिसतायत तुझी. "काय आहे ते मी विचारलंच नाही," बाबा म्हणाले. "विचारलं असतं तर खाता आलं नसतं." मग चाळीस वर्षं गुरुवार चुकला नाही.

"आणि आईंना हे माहीत होतं?"

"बटाट्याच्या चकत्या पातळ कर," ते म्हणाले.

मी टोमॅटोचा डबा फोडून ओतला, वर चकत्या लावल्या आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. मीठ अंदाजानेच घातलं होतं. चव घेऊन बघायचं धाडस झालं नाही. न चाखता मी फक्त नैवेद्याचा स्वयंपाक करते. पुढे जे झालं त्याचं कारण मला वाटतं हेच असावं, पण ते नंतर सुचलं.

साडेसहाला नवरा घरी आला. चकत्या कडेने तांबूस झाल्या होत्या, मधून रस्सा बुडबुडत होता. मी ताटल्या मांडल्या, वाढायला घेतलं. बाबा टेबलाशी येऊन बसले, न बोलावता. नवऱ्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

"बाबा, आता एकदम दोन प्लेट्स खायच्या, काय?"

"तू गप बस. तुला बर्गरच बरा."

मी हसत हसत हॉलमधून परत आले आणि बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबांचा चमचा हवेतच थांबलाय. ते माझ्या खांद्यावरून हॉलमध्ये पाहत होते. फोटोपुढे मी सवयीने ठेवलेली खिम्याची वाटी होती. वाफ येत होती तिच्यातून.

सकाळी मी सासूबाईंच्या वाटीसाठी वेगळा वरण-भात करायचं ठरवलं होतं. डाळ भिजतही घातली होती. ती तशीच ओट्यावर राहिली होती.

"शिट," नवरा पुटपुटला आणि उठला.

"बस," बाबा म्हणाले.

ते स्वतः गेले. वाटी घेऊन आले, सिंकमध्ये रिकामी केली, साबणाने घासली, परत घासली. मी "सॉरी, बाबा" म्हणाले, पण नळाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. वाटीत दोन चमचे साखर घालून त्यांनी ती पुन्हा नेऊन ठेवली आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

"तिला माहीत होतं," ते म्हणाले. "गुरुवारी माझा टॉवेल आधीच बाथरूममध्ये ठेवलेला असायचा. आंघोळ करूनच घरात फिरायचं. तिचा त्या दिवशी दत्ताचा उपास. चाळीस वर्षांत तिने कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही."

मग ते टेबलाशी येऊन बसले. मला वाटलं, आता ते खातील. त्यांनी एक घास घेतलाही, आणि तो गिळायला त्यांना फार वेळ लागला.

"छान झालंय," ते म्हणाले.

नवऱ्याने आपली ताटली संपवली, बहुधा माझ्यासाठी. उरलेलं सकाळी मी बाहेरच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं. शुक्रवार, शनिवार, रविवार ताकावरच गेले. सोमवारी त्यांनी तेही अर्धं ठेवलं. माझ्याशी ते नेहमीसारखेच वागत होते, आणि ते मला रागावण्यापेक्षा कठीण जात होतं.

मंगळवारी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, मीच त्यांना घेऊन गेले. बाबा कोटासकटच वजनकाट्यावर चढले. नर्सने कोट काढायला लावला तेव्हा त्यांनी आधी खिशातून किल्ल्या काढल्या आणि मग दुधाची भरलेली बाटली. तिने दोन्ही उचलून टेबलावर ठेवलं. काट्याकडे पाहून तिने लिहून घेतलं; आकडा अजून थोडा उतरला होता. मग जेवणाचं विचारलं.

"ओह, आय ईट व्हेरी वेल," बाबा म्हणाले. त्यांचं इंग्रजी नेहमी जरा जास्तच नीटनेटकं असतं. "माझी सून सगळं करते. गेल्या आठवड्यात तर तिने कॅसरोल केलं. मी दोनदा घेतलं."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही. ते समोरच्या भिंतीवरचं हात कसे धुवावेत याचं पोस्टर वाचत होते. मी त्यांना कधीच उलट बोलले नव्हते, घरात काय किंवा परक्यासमोर काय.

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक आला की तिने पुन्हा विचारलं. "ते जेवत नाहीत. एक घास खाल्ला. काहीच खात नाहीत ते."

तिने फोन उचलला. गुरुवारी सकाळी या, बॅग भरून, असं हॉस्पिटलच्या वॉर्डकडून ठरलं.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. बाबा पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे उभे राहिले, खांब धरून, आमचा स्टॉप येईपर्यंत.